गावी ५०० फुटांचं चिऱ्याचं घर: दोघांनी मिळून किती काम करता येईल?

भांडुपची_जोडी
आम्ही दोघं तिशीतले, मुलगी तीन वर्षांची. मालवण तालुक्यात, किनाऱ्यापासून सहा-सात किलोमीटर आत, घरच्या जमिनीतला पाच गुंठ्यांचा तुकडा आमच्या वाट्याला आहे. तिथे कायमचं राहायला जायचंय, सुट्टीपुरतं नाही. बाहेरून २० बाय २५ फूट, एकच मजला: पडवी, बसायची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणी-संडास. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, हे नक्की. वर कौलं की स्लॅब, यावर घरात दोन मतं आहेत. पूर्ण कंत्राट द्यायचं नाही. गवंडी-सुतार रोजावर घ्यायचे आणि जमेल ते काम आपल्या हाताने करायचं.
तर कुठल्या कामात हात घालावा आणि कुठल्या कामापासून लांब राहावं? माल साधारण किती धरावा? दिवाळीनंतर खोदाई सुरू केली तर पावसाआधी छप्पर चढेल का?

सातबारा
चिऱ्याची गाडी बोलवायच्या आधी एक सांगा: 'वाट्याला आहे' म्हणजे कागदावर की तोंडी? कोकणात बहुतेक सातबारे सामाईक असतात. काका, चुलत भाऊ, लग्न होऊन गेलेल्या आत्या, सगळ्यांची नावं एका उताऱ्यावर. तोंडी वाटणीवर घर बांधलं आणि उद्या एका हिस्सेदाराने हरकत घेतली, तर काम अर्ध्यात अडकतं. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज, मग मोजणी, पोटहिस्सा आणि तुमच्या नावाचा वेगळा सातबारा, या क्रमाने जा. एवढं होईपर्यंत एक मोसम गेला तरी जाऊ द्या.

दुसरं, जागा गावठाणात आहे की शेतीत? गावठाणात असेल तर ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीची परवानगी. शेतजमीन असेल तर घरासाठी बिगरशेतीचा आजचा नियम काय आहे, तो तहसीलदार कार्यालयात विचारून घ्या.

आणि किनाऱ्यापासून सहा किलोमीटर आहे म्हणून सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची) चिंता नाही, असं धरू नका. हा नियम भरतीचं पाणी जिथवर येतं त्या खाडीच्या काठालाही लागतो, आणि मालवण तालुक्यात खाड्या बऱ्याच आत शिरल्यात.

परसदार
यात वाटेचीही भर घाला. बैलगाडीची वाट होती म्हणून ट्रक येईलच असं नाही. चिऱ्याची गाडी दुसऱ्याच्या जमिनीतून जाणार असेल तर वहिवाटीची नोंद आहे का बघा, नसेल तर लेखी संमती घ्या. डोक्यावरून चिरे वाहायला लागले तर मजुरी चिऱ्याच्या किमतीला जाऊन भिडते.

भांडुपची_जोडी
सातबारादादा, वाटप झालंय, मोजणीही झाली. जागा गावठाणाला लागून आहे. खाडी जवळ नाही. जमीन रस्त्याकडून मागे चढत जाते.

ओळंबा
मग मालाचा हिशेब करू. भाव लिहीत नाही, ते खाणीगणिक आणि मोसमागणिक बदलतात. परिमाणं मात्र हलत नाहीत.

चिरा साधारण १४ x ९ x ७ इंच, खाणीनुसार थोडा इकडेतिकडे. भिंत ९ इंची. सांध्यासकट एका चिऱ्याने पाऊण चौरस फूट भिंत होते, म्हणजे १०० चौरस फुटांना १३३ चिरे. तुमची बाहेरची भिंत ९० फूट, आतली ३५ धरू, एकूण १२५ फूट. उंची १० फूट, म्हणजे १२५० चौरस फूट. दारं-खिडक्यांचे २०० वजा केले की १०५०. त्याला १४०० चिरे. जोतं दोन फूट उंच आणि १४ इंच रुंद (चिरा आडवा) ठेवलं तर आणखी ५००. तुटफूट धरून दोन हजार मागवा, आणि सगळे एकाच खाणीतून. नंतर आणलेल्या शंभर चिऱ्यांची जाडी जुळत नाही आणि थर बिघडतो.

पायाची खोदाई निदान तीन फूट, रुंदी अडीच फूट, तळ कठीण लागेपर्यंत. सडा (उघड्या कातळाचं पठार) असेल तर वरच कठीण कातळ मिळेल. पण जांभ्याच्या थराखाली पांढरट-गुलाबी चिकणमाती असते, ती कोरडी असताना दगडासारखी वाटते आणि पाणी लागलं की लोणी होते. तुमची जमीन चढाची आहे, म्हणजे मागची बाजू कापावी लागेल. कापताना ती माती उघडी पडली तर पाया तिच्यावर ठेवू नका, आणखी खाली जा. आणि पुढच्या बाजूला भराव टाकून त्यावर पाया कधीच नको. उतार आहे तिथे पाया पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवतात, प्रत्येक पायरीचा तळ सपाट.

आता सर्वात महत्त्वाचं. चिऱ्याचं घर उभ्या वजनाला दणकट असतं, आडव्या हिसक्याला कमजोर. कोयनेचा १९६७ चा भूकंप कोकणालाही हलवून गेला, म्हणून काँक्रीटचे पट्टे टाळू नका: एक जोत्यावर, एक दारं-खिडक्यांच्या माथ्यावर, एक भिंतीच्या माथ्यावर. ९ इंच रुंद, ६ इंच जाड, १० मिमीच्या चार सळ्या, ६ मिमीच्या रिंगा दर ६ इंचांवर. काँक्रीट १:१.५:३ (सिमेंट, रेती, खडी). एका पट्ट्याला सुमारे १०५ किलो लांब सळ्या, ३५ किलो रिंगा आणि १० ते ११ पोती सिमेंट लागतं. कोपऱ्यात सळ्या वळवून दुसऱ्या भिंतीत निदान २० इंच न्या. बहुतेक ठिकाणी सळ्या कोपऱ्यात आणून नुसत्या एकमेकींवर ठेवतात, आणि मग पट्टा असून नसल्यासारखा. पट्टा सगळ्या घराभोवती अखंड पाहिजे, पडवी वेगळी असेल तरी.

तांबडी_माती
ओळंब्याशी पूर्ण सहमत. चिरा निवडायचं थोडं सांगतो. खाणीतून काढलेला चिरा ओला आणि मऊ असतो. हवा लागली की टणक होतो. म्हणून दिवाळीच्या सुमारास आगाऊ रक्कम देऊन माल उतरवून घ्या आणि रचून ठेवा. निवडताना एकावर एक आपटून बघा: खणखणीत आवाज हवा, भदभद आला तर बाजूला. पिवळी-पांढरी माती भरलेल्या मोठ्या भोकांचा चिरा बाहेरच्या भिंतीला नको. पावसात माती धुऊन जाते आणि आरपार वाट होते. तोच चिरा आतल्या भिंतीला चालतो.

लावण्यापूर्वी चिरा भिजवायचाच. कोरडा चिरा सिमेंट-रेतीच्या मसाल्यातलं पाणी शोषून घेतो आणि मसाला भुकटीसारखा सुटतो. मसाला १:६, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग रेती. रेती खाडीची नको, तिच्यात मीठ असतं. भिंतीवर पांढरा खार येतो आणि पट्ट्यातल्या सळ्या गंजतात. क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती) घ्या. दिवसाला तीन फुटांच्या वर थर चढवू देऊ नका.

स्लॅबवाला
छपराबद्दल माझं मत स्लॅबलाच. कारणं तीन. वानर. वादळ. उद्या वर खोली चढवायची सोय. मालवणात नळ्याचं कौल म्हणू नका की मंगलोरी, वानरांच्या टोळीने दोन उड्या मारल्या की पावसाच्या तोंडावर पन्नास कौलं बदलायची. मुंबईतून माणूस पाठवायचा का दर वेळी?

वळचण
ते मुंबईतून माणूस पाठवणार नाहीत, तिथेच राहणार आहेत. :)

स्लॅबवालेदादा, वजन बघा. पाच इंची स्लॅब ५०० फुटांवर १४-१५ टन भरतो. कौलांचं छप्पर, पाखं (छपराची उतरती बाजू) भिंतीबाहेर काढूनही, साडेतीन टन कौलं आणि वर सांगाडा. इतकं जास्त वजन डोक्यावर घ्यायचं तर पाया आणि पट्टे वेगळे पडतील. शिवाय तालुक्यात कुठल्याही स्लॅबच्या घरांकडे बघा, पाच-सात वर्षांत गळायला लागतो म्हणून वर पत्र्याची शेड चढवलेली असते. मग एका घराला दोन छपरांचा खर्च.

माप देतो. चारी बाजूंना तीन फूट पाखं धरली तर छपराची जमिनीवरची सावली २६ x ३१, म्हणजे ८०६ चौरस फूट. ३० अंशांच्या उताराने प्रत्यक्ष छप्पर ९३० चौरस फूट. मंगलोरी कौलं १०० फुटांना दीडशे, म्हणजे १४००. मोडतोड आणि पुढच्या वर्षांसाठी १५५० घ्या. चौपाखी (चारी बाजूंना उतरतं छप्पर) ठेवलीत तर आढं (माथ्याची आडवी ओळ) आणि चार कोने (तिथून कोपऱ्यांकडे उतरणाऱ्या ओळी) मिळून ८५ फूट आढ्याची कौलं. उतार ३० अंशांपेक्षा कमी नको; पश्चिमेच्या वाऱ्यात पाणी कौलाखालून वर चढतं.

रिपांचं (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर साडेबारा इंचांच्या आसपास, पण कौलं आणल्यावर जमिनीवर दहा कौलं मांडून मोजायचं आणि मगच रिपा ठोकायच्या. कारखान्यागणिक अर्धा इंच फरक पडतो, आणि तो तेरा-चौदा रांगांत सहा-सात इंच होतो.

पागोळी
वादळाचा मुद्दा मात्र खरा आहे. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला आलं तेव्हा आणि मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्याने वर गेलं तेव्हाही पत्रे आणि कौलं उडाली. वारा पाख्याच्या खालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो. म्हणून:

चौपाखी छप्पर दुपाखीपेक्षा वाऱ्याला बरं, आणि त्यात टोकाच्या त्रिकोणी भिंतीही बांधाव्या लागत नाहीत, ज्या भूकंपात आधी पडतात. माथ्याच्या पट्ट्यात काँक्रीट ओततानाच १२ मिमीचे बोल्ट दर चार फुटांवर उभे पुरून ठेवा, त्यांना वरची आडवी तुळई किंवा पाइप आवळायचा. नंतर भोक पाडून बसवलेला बोल्ट तेवढा धरत नाही. पाख्याच्या शेवटच्या दोन रांगा आणि आढ्याशेजारची रांग तारेने रिपांना बांधा. मंगलोरी कौलाला खालून त्यासाठी भोकाचा कान असतो. पाखं तीन फुटांपेक्षा जास्त बाहेर काढायचं असेल तर खाली टेकू द्या.

वानरांवर उपाय: खाली रंगीत पत्रा, वर रिपा, त्यावर कौल. कौल फुटलं तरी घरात पाणी येत नाही. वजन थोडंसंच वाढतं. उन्हाळ्यात पत्रा आणि कौल यांच्या मधल्या फटीतून हवा खेळते, घर थंड राहतं.

स्लॅबवाला
खाली पत्रा असेल तर माझा अर्धा विरोध संपला. उरलेला अर्धा लोखंडी पाइपांना. समुद्राचा वारा सहा किलोमीटर आत येतोच.

पागोळी
मान्य. पाइप गॅल्व्हनाइज्डच घ्या. गंज पाइपाला नाही, वेल्डिंगच्या जागी आधी धरतो, कारण तिथला जस्ताचा थर जळून जातो. प्रत्येक जोड घासून त्यावर जस्ताचा प्रायमर, तोही पाइप वर चढवण्याआधी. पाइपांची तोंडं झाकणं वेल्ड करून बंद करा. लाकूड वापरायचं तर आईन किंवा किंजळ. पण आपल्याच जमिनीतला साग, आईन, किंजळ, फणस किंवा आंबा तोडायलाही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ते विसरू नका.

दादरची_अनघा
लाकडावरून आठवलं. दारं-खिडक्या नवीन करू नका. मुंबईत जुन्या चाळी पाडतात तिथली बर्मा सागाची दारं, चौकटी आणि गज लावलेल्या खिडक्या जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात मिळतात. जुनं लाकूड वाळून बसलेलं असतं, पावसात फारसं फुगत नाही. मात्र खरेदी भिंती उभ्या राहण्याआधी करायची, म्हणजे चौकटीच्या मापाने भिंतीत जागा सोडता येते. सुरीचं टोक चौकटीच्या तळाशी खुपसून बघा, आत शिरलं तर ती कुजलेली. बिजागऱ्या पितळी असतील तर त्यांच्यासकट घ्या. मार्चपासून मेपर्यंत आंब्याच्या गाड्या वाशीच्या बाजारात रिकाम्या होऊन परत खाली जातात. परतीच्या गाडीत दारं टाकली तर भाडं कमी पडतं.

भांडुपची_जोडी
अनघाताई, हे डोक्यातच नव्हतं, पण मार्चपर्यंत थांबलो तर भिंतीतली जागा कशी सोडणार?

दादरची_अनघा
दारं ऑक्टोबरमध्ये विकत घ्या, मापं लिहून गवंड्याला द्या. चौकटी आधी न्या, त्या भिंतीबरोबर चढतात. झडपा मार्चमध्ये गेल्या तरी चालतात.

ओळंबा
खिडकी-दार कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब ठेवा. एका भिंतीतल्या सगळ्या उघड्या जागांची रुंदी मिळून भिंतीच्या लांबीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. पश्चिमेला मोठी खिडकी हवीच असेल तर ती पडवीत उघडू द्या.

न्हाणीघर
संडासाचं कुणीच बोललं नाही अजून. सेप्टिक टँकपेक्षा दोन शोषखड्डे बांधा. प्रत्येकी आतून मीटरभर व्यास, वापरात येईल अशी मीटरभर खोली. एवढा खड्डा पाच माणसांच्या घराला साधारण तीन वर्षं पुरतो. मध्ये विभागणीची चौकोनी पेटी, तिच्यातून एका वेळी एकच खड्डा चालू. पहिला भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं, आणि पहिला किमान दीड-दोन वर्षं बंद. मग आतलं सगळं कोरडं खत झालेलं असतं, माडाला घालायचं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी सोप्या संडासाचं काम केलं ते तुमच्याच जिल्ह्यात.

चुकतं कुठे ते सांगतो. एक, दोन्ही खड्डे एकाच वेळी चालू ठेवतात; मग दोन्ही एकदम भरतात आणि रिकामा करायला कोरडा खड्डा उरतच नाही. दोन, न्हाणीचं साबणाचं पाणी त्यातच सोडतात. ते केळी-माडांकडे वेगळं न्यायचं. तीन, दोन खड्ड्यांत अंतर ठेवत नाहीत. निदान मीटरभर हवं. चार, आणि हे जांभ्याच्या जमिनीत सर्वात धोक्याचं: विहीर. नेहमीचं दहा मीटरचं अंतर सांगतात, पण जांभ्यात भेगा आणि पोकळ नळ्या असतात, त्यातून पाणी न गाळता वाहतं. १५ मीटरच्या पुढेच जा, आणि खड्डा विहिरीच्या उताराच्या बाजूला हवा, वरच्या बाजूला नाही. ऑगस्टमध्ये जमिनीत पाणी किती वर येतं ते शेजारच्या विहिरीत बघून घ्या. पाणी फार वर येत असेल तर खड्डा उथळ करून जमिनीच्या वर उचला, तळ बंद करा आणि बाजूने अर्धा मीटर जाड बारीक रेती भरा.

तांबडी_माती
विहिरीचा विषय निघालाय तर वाळवीचंही. जोत्याच्या भरावावर औषध मारतात, क्लोरपायरिफॉस २० ईसी एक लिटर आणि १९ लिटर पाणी, चौरस मीटरला पाच लिटर. ५०० फुटांना साधारण २३० लिटर मिश्रण. पण पिण्याची विहीर जवळ असेल तर हे मारू नका. त्याऐवजी जोत्याच्या पट्ट्यावर सगळीकडून बाहेर डोकावणारी पत्र्याची पट्टी बसवा, वाळवीला मातीचा बोगदा उघड्यावर आणावा लागतो आणि तो दिसतो. लाकूड कुठेही मातीला टेकू देऊ नका.

वळचण
ओलीबद्दल एक. चिरा पाणी वर ओढतो. जोत्याच्या पट्ट्याच्या काँक्रीटमध्ये वॉटरप्रूफिंगची पूड घाला, आणि फरशीखाली ९ इंच दगडांचा थर (सोलिंग), त्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, त्यावर चार इंच काँक्रीट. घराभोवती अडीच-तीन फुटांचा कोबा (सिमेंटची जमीन), बाहेर उतरता. मागची जमीन चढाची असल्याने घराच्या वरच्या अंगाला चर खणा आणि पाणी दोन्ही बाजूंनी फिरवून खाली सोडा. हा चर पायाच्या आधी खणायचा, घर झाल्यावर नाही.

शीवची_मेघना
बाहेरून प्लास्टर करायचं का, हे राहिलं. माझं मत, नको. पाखं तीन फूट आहेत तर दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरा, १:३ मसाला, पाऊण इंच खोल खरवडून. पश्चिमेच्या भिंतीला पाणी झटकणारं सिलेनचं पारदर्शक द्रव्य उन्हाळ्यात मारा. ऑइल पेंट किंवा कुठलाही प्लास्टिकसारखा थर चिऱ्यावर नको. आतली ओल बाहेर पडत नाही आणि थर फोड येऊन सोलतो, सोबत चिऱ्याचा पापुद्राही नेतो.

स्लॅबवाला
मी पश्चिमेला प्लास्टर करूनच घेईन. तीन हजार मिलिमीटर पाऊस तिरका येतो तिथे.

शीवची_मेघना
एकट्या पश्चिमेला केलंत तरी हरकत नाही. फक्त भिंत एक पूर्ण उन्हाळा वाळलेली असू द्या.

परसदार
त्या पावसाचं गणितही करा. ७५ चौरस मीटर छपरावर ३ मीटर पाऊस म्हणजे सव्वादोन लाख लिटर. जोराच्या सरीत, तासाला १०० मिमी धरला, तर साडेसात हजार लिटर एका तासात. ते पागोळ्यांनी जोत्याच्या तोंडाशी पडलं तर कोबा उखडतो. सहा इंची पन्हळ आणि खाली उतरणारे दोन पाइप, पाणी गाळून विहिरीत. मार्च-एप्रिलमध्ये त्याचा उपयोग दिसेल.

भांडुपची_जोडी
सगळ्यांचे मनापासून आभार. कौलं ठरली, खाली पत्रा घालून. आता मूळ प्रश्नावर या ना, आम्ही स्वतः काय करावं?

ओळंबा
हात लावू नका: कोपऱ्याचे चिरे (ओळंबा आणि गुण्या, म्हणजे काटकोन, तिथे चुकला की सगळं घर चुकतं), पट्ट्यांच्या सळ्या, छपराचा सांगाडा, विजेचं मुख्य जोडकाम. चिरा तीस किलोच्या आसपास असतो, दिवसभर उचलणं सवयीच्या माणसाचं काम आहे.

तुमचं काम: चिरे भिजवणं आणि भिंतीला पाणी मारणं. हे रोजावरचा माणूस सर्वात आधी टाळतो, आणि घराची ताकद त्यावर आहे. भिंतीला सात ते दहा दिवस, पट्ट्यांना निदान चौदा दिवस, पोती अंथरून. मग दर्जा भरणं, दोघांना छान जमतं, शिकायला एक भिंत लागते. रिपांवर कौलं मांडणं, तारा बांधणं. लाकडाला तेल. शोषखड्ड्याची जाळीदार बांधणी. चर. आणि सगळ्यात मोठं काम: काँक्रीटच्या दिवशी दोघांपैकी एकाने तिथे उभं राहून पाणी किती घालतात ते बघणं. पातळ काँक्रीट ओतायला सोपं म्हणून पाणी वाढवतात.

वेळापत्रक: दिवाळीनंतर चर आणि खोदाई, डिसेंबरअखेर जोतं, फेब्रुवारीअखेर भिंती. शिमग्यात गावात कुणी कामाला येणार नाही, मार्चचे ते दिवस धरूच नका. काजू-आंब्याच्या मोसमात मजूर महाग होतात, म्हणून माथ्याचा पट्टा शिमग्याआधी. एप्रिलमध्ये छप्पर. १५ मेपर्यंत कौल चढलं पाहिजे, वळवाचा पाऊस तेव्हापासून येतो. फरशी, आतल्या दर्जा, नळकाम छपराखाली जून-जुलैत करा. रंग दसऱ्यानंतर, पावसात भिंत वाळत नाही. दोघांची नोकरी अजून मुंबईत असेल तर फेब्रुवारी आणि एप्रिल, या दोन महिन्यांत एकाने तिथेच मुक्काम करावा.

न्हाणीघर
विजेत एकच भर: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) लावाच. उन्हाळ्यात जांभा कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंग पकडत नाही. अर्थिंगचा खड्डा न्हाणीचं पाणी जिथे मुरतं त्या केळींजवळ घ्या, दोन सळ्या एकमेकींपासून तीन मीटरवर, वायरने जोडून.

भांडुपची_जोडी
लिहून घेतलं. चिरे दिवाळीत उतरवून घ्यायचे तर ते ठेवायचे कुठे? खोदाई तर तेव्हाच सुरू होणार.

तांबडी_माती
आखणी आधी करून घ्या, खुंट्या आणि दोरी लावून. मग गाडी बोलवा. सगळे एका ढिगात नकोत, चारी बाजूंना वाटून रचा, म्हणजे प्रत्येक भिंतीला हाताशी मिळतात. खोदाईच्या कडेपासून निदान पाच फूट लांब, नाहीतर वजनाने पायाच्या खड्ड्याची कड ढासळते. मागच्या चढावर रचू नका. तिथे तुमचा पाण्याचा चर जाणार आहे.